सरकारी तलावात गरी टाकली तर सोसायटी का उठवते?

तुम्ही लिहिलंय की साकोलीजवळ मामाच्या गावी तलावावर गरी (मासे धरायचा गळ) टाकून बसलात, सोसायटीच्या माणसांनी उठवलं आणि गरीही ठेवून घेतली. तलाव सरकारी, मग मासे कोणीही का धरू नयेत? जंगलातल्या शिकारीचंही असंच आहे का?

मी गोंदिया जिल्ह्यातल्या ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, घरातला. वडील मासेमारी सोसायटीचे सभासद होते, आता मी आहे. त्यामुळे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तुम्हाला उठवणाऱ्याच्या बाजूनेच मी बोलणार.

आमच्याकडचे बहुतेक जुने तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. मालगुजारी होती तेव्हा मासे कोणी धरायचे हे गावचा रिवाज आणि मालगुजार ठरवायचे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे त्यातले बरेच जिल्हा परिषदेकडे गेले. वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रिवाजांच्या सरकारी नोंदीत, गावाचा मासेमारीचा रिवाज नोंदवायची सोय महसूल संहितेच्या कलम 165 मध्ये आहे, पण सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यातलं पाणी त्यात येत नाही. पूर्वीपासून धरत आलो, एवढ्यावर तिथे भागत नाही. गुरांना पाणी पाजणं वेगळं. मासेमारी मात्र पट्ट्याने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेकराराने, दिली जाते, आणि पट्टा बहुधा ढिवर-भोयांच्या सहकारी सोसायटीला मिळतो.

पट्टा घेतल्यावर काय करावं लागतं ते सांगतो. दरवर्षी पट्ट्याची रक्कम भरायची. पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडायची. बेशरम नावाची झुडपं पाण्यात माजली तर कंबरभर पाण्यात उतरून ती उपटायची, आणि त्यात आमच्या बायका पुढे असतात. रात्री पाळीवर राखण. एवढं करून पैसा दिसतो तो उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर. एका गरीने तलाव रिकामा होत नाही, हे खरं. पण एकाला बसू दिलं की आठ दिवसांत दहा येतात, आणि एखाद्या रात्री कोणीतरी जाळंच टाकतं. आमच्याकडे असं झालंय. वर्षभराची मेहनत एका रात्रीत गेली, आणि सकाळी आई पाळीवर बसून राहिली होती.

तरीही तुमची गरी ठेवून घ्यायला नको होती. चोरी वाटली तर पोलिसांत जायचं, सामान आपल्या घरी न्यायचं नाही.

पट्टा कोणाच्या नावावर आणि किती वर्षांचा, हे ग्रामपंचायतीत किंवा जिल्हा परिषदेत विचारा. काही ठिकाणी कागदावर सोसायटी असते आणि मागे पैसा बाहेरच्या ठेकेदाराचा. तिथे गावच्या ढिवरालाच मजुरीवर जाळं ओढावं लागतं. तुमच्या मामाच्या गावी तसं असेल तर ग्रामसभेत जरूर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

तलाव वनजमिनीत असेल तर गोष्ट बदलते. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो. पण तो दावा ग्रामसभेचा, एकट्यादुकट्याचा नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात मात्र प्रकरण फार चिघळतं. पेंचमध्ये तोतलाडोहच्या मासेमारांचा आणि वनविभागाचा वाद वर्षानुवर्षं चालला.

शिकारीचा विचार सोडून द्या. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे, आणि वनहक्क कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळलाय. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठी किंवा रोहीसाठीसुद्धा (नीलगाय) आधी वनविभागाची परवानगी लागते. सशासाठी फास लावला तरी तो गुन्हाच.

मासे मात्र मागून मिळू शकतात. आमच्या सोसायटीत गावच्या माणसाला घरी खाण्यापुरती गरी टाकू देतो, फक्त बोटुकली सोडल्यानंतरचे काही महिने नाही. सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी संध्याकाळी जा, मामांना सोबत न्या. आधी गरी परत मागा, मग कुठे बसू ते विचारा.