पिंजऱ्यासमोर पर्यटकांना नेताना

तुम्ही नव्यानेच मार्गदर्शक झाला आहात, म्हणून सांगतो. बंदिस्त वन्यप्राणी दाखवणारे ठिकाण निवडताना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आधी पाहावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंधनकारक आहे. मात्र मान्यता आहे म्हणजे सारे आलबेल, असे नव्हे. बिबट्या जाळीलगत एकाच रेषेत येरझारा घालत असेल, त्याच्या पावलांनी गवत जाऊन मातीची वाट पडली असेल, तर ‘काय रुबाब आहे’ असे पर्यटकांना सांगू नये. ते बहुधा कोंडलेपणाच्या ताणाचे लक्षण असते. जंगलात परत सोडता न येणारा जखमी प्राणी सांभाळणे वेगळे आणि सेल्फीसाठी साखळीने बांधणे वेगळे, हे नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात नेल्यावर समजावता येते; तिथे वन्यप्राण्यांचे बचाव केंद्रही आहे. नागपूरच्या मे महिन्यात मी तर आधी सावली आणि पाण्याचे टाके पाहतो, प्राणी नंतर.