जिंको राहू द्या, आधी बी-१२ तपासा

भाऊ, काल अंबाझरीला फिरताना तुम्ही खिशातून जिंकोची, म्हणजे स्मरणशक्तीसाठी घेतात त्या झाडाच्या पानांच्या अर्काची, डबी काढून दाखवली, तेव्हापासून मनात घोळतंय. ती परत विकत घेऊ नका. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या तीन हजारांवर लोकांवर याची चाचणी झाली. रोज २४० मिलिग्रॅम घेऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही, २००८ मध्येच निकाल आला. शिवाय तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना विचाराच.

त्यापेक्षा रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा. तुम्ही पक्के शाकाहारी, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे ते घटतं. माझं १४० निघालं होतं, म्हणजे बरंच कमी. इतवारीत किराण्याच्या दुकानापुढे उभा, पिशवी हातात, पायांना मुंग्या, अन् काय घ्यायचं तेच आठवेना. फार घाबरलो होतो. इंजेक्शनं सुरू झाली, दोनेक महिन्यांत डोकं मोकळं झालं.

ओमेगा-३ च्या महागड्या कॅप्सूल सोडा, जवसाची चटणी रोज ताटात असू द्या. बीपी आटोक्यात हवंच.

आणि कान! वहिनी सांगत होत्या, टीव्हीचा आवाज फार वाढलाय. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडली, त्यात कमी ऐकू येणंही आहे. मशीन लावायला लाजू नका, माझंही आहे.

उद्यापासून साडेपाचलाच या, मे चालू आहे. पाण्याची बाटली आणा.