सुरगाठ

टोकियो, शुक्रवार रात्र

प्रिय चिऊ,

परवा आपण फिरायला निघालो तेव्हा आजीला खाली वाकता येईना. तू दाराशी, बूट काढायच्या गेनकानमध्ये, गुडघे टेकलेस आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्यास. आजीनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला, ‘औक्षवंत हो’ म्हणाली, आणि त्याच दमात, ‘जा, आता हात धुऊन ये.’ तू हात धुऊन आलीस, पण नदीपर्यंत गप्प होतीस. रात्री पांघरुणात शिरल्यावर मला विचारलंस, ‘चांगलं काम केलं म्हणून आशीर्वाद दिला ना? मग हात कशाला धुवायला लावले? शाळेत आम्ही रोज बूट उचलून गेताबाकोत, बुटांच्या कपाटात, ठेवतो, कुणी काही म्हणत नाही.’

मी ‘झोप आता’ म्हणाले. तुझा प्रश्न तसा टाळण्यासारखा नव्हता. दोन दिवस तो माझ्या डोक्यात आहे, म्हणून हे पत्र. शनिवारच्या मराठीच्या वर्गात वाचायला नेलंस तरी चालेल.

कोल्हापूरच्या आमच्या घराला पुढं चार पायऱ्या होत्या आणि वर ओटा. चपला खालच्या पायरीशी काढायच्या. काढायच्या म्हणजे काही करावं लागतच नसे. चालता चालता टाच उचलायची, अंगठा कडीतून निसटतो, चप्पल जागेवर राहते आणि आपण पुढच्या पायरीवर. घालतानाही तसंच, नुसता पाय सरकवायचा. कोल्हापुरी चपलेत पायाचा अंगठा ज्या कडीत जातो तिलाही ‘अंगठा’च म्हणतात. कडेला कान, वरून पट्टा, पट्ट्यावर वेणी. बक्कल नाही, नाडी नाही. पायाचं काम पायानंच व्हावं, हाताला त्यात पडायला लागू नये, अशीच ती घडवलेली असते. तुझ्या गेता आणि झोरी या जपानी चपला आठव. तिथंही अंगठ्याशेजारी पट्टी आणि हात मोकळे. ज्या घरांत जमिनीवर बसतात आणि जमिनीवर झोपतात, तिथं दिवसातून दहा वेळा पादत्राण काढावं लागतं. दहा वेळा गाठी कोण सोडत बसेल?

आमची पंगत जमिनीवर, अंथरूण जमिनीवर, आणि आजी भाजी निवडायची तीही जमिनीवरच. शेण, थुंकी, चिखल, रस्त्यावरचं जे जे तळव्याला लागतं ते उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पाहुणे पायरीशी चपला काढायला लागले की आजोबा म्हणत, ‘असू देत, असू देत, या तशाच.’ तसं म्हणण्याची रीत होती, आणि तरीही चपला काढूनच आत येण्याची रीत पाहुण्यांचीही होती. इतकं तुला कळेल, कारण तुझी तातामीची चटईसुद्धा हेच सांगते.

फरक पुढं आहे. तुला शाळेत शिकवलं की काढलेले बूट जोडीनं ठेवायचे, टोकं दाराकडं. आमच्या पायरीशी चपला पडतील तशा पडलेल्या असत. तुला तो पसारा वाटतो, आणि शिस्त म्हणशील तर इथली मला जास्त आवडते. पण मी शाळेतून आले की त्या पसाऱ्यावरून मला घर वाचता यायचं. करकर वाजणारी जाड कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, दिसली की थोरले काका आलेत, म्हणजे आज जेवायला उशीर. अनोळखी बायकी चपलांचे चार जोड असले की हळदीकुंकू. एकदा दुपारी गल्लीत वळले आणि पायरीपासून रस्त्यापर्यंत चपलाच चपला दिसल्या. घरात शिरायच्या आधीच मला कळलं की माझी आजी गेली.

आजी इथं आली त्या संध्याकाळी तू तिच्या चपला फिरवून दाराकडं तोंड करून ठेवल्यास, आठवतं? ती बघून म्हणाली होती, ‘आल्या दिवशीच मला वाटंला लावतीस व्हय गं?’ तिचा आवाज मला ओला वाटला. ‘निघताना तुझी सोय व्हावी म्हणून ती चपला फिरवते,’ असं मी तिला समजावलं. मग तिनं तुला जवळ घेतलं. आणि तुझा बूट उलटा पडला की ती कुठूनही धावत येऊन सरळ करते, त्याचं कारण एवढंच की उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं, असं तिला लहानपणी सांगितलं होतं. भांडणाचं काही खरं नाही. पण चिखलाचा तळवा वर तोंड करून राहू नये, हे बरं आहे.

आता हात. आपण उजव्या हातानं जेवतो, चमच्याशिवाय. त्याच हातानं देवाला फूल वाहतो, बाळाला भरवतो. म्हणून तो हात तळव्याजवळच्या कशाला लागला की धुवायचा. नाड्यांचे बूट आमच्या घरात शाळेबरोबर आणि नोकरीबरोबर आले. आजोबा सकाळी ओट्यावर बसून बूट बांधायचे, उठून बाहेरच्या नळावर हात धुवायचे, आणि मगच आजीच्या हातून डबा घ्यायचे. रोज, न चुकता. तुला ‘हात धू’ म्हणणारी आजी ही चाळीस वर्षं त्यांच्या हातात डबा देणारी आजी आहे. तुझ्या कामावर तिचा काही राग नव्हता.

आणि आशीर्वाद? आपल्याकडं मोठ्यांच्या पायांवर डोकं ठेवतात. आपल्या शरीरातलं सगळ्यात वरचं, दुसऱ्याच्या सगळ्यात खालच्या जागी. पुस्तकाला पाय लागला की आपण पुस्तकाला हात लावून तो हात कपाळाला लावतो, त्याच हिशोबातली ही गोष्ट. तू गुडघे टेकून आजीच्या पायांशी वाकलीस. तुझ्या मनात फक्त नाडी होती, तिला नमस्कार दिसला. वाकण्याला आशीर्वाद आणि बुटाला साबण, असे तिच्या मनात दोन वेगळे कप्पे आहेत.

इथं थांबले असते तर पत्र गोड झालं असतं. पण तू दहा वर्षांची आहेस आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची नाही, असं मी ठरवलंय.

हात धुण्याची ही सवय फक्त चिखलापुरती नव्हती. कातडं म्हणजेच अपवित्र, असं पूर्वी मानायचे, आणि कातड्याचं काम करणाऱ्या माणसांनाही. जे हात आपल्या पायांसाठी चपला शिवत, त्या हातांचं पाणी लोकांना चालत नसे. कित्येक गावांत, वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या वस्तीतून जाताना दलितांना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. दारात चप्पल आपणहून काढणं हा आदर. दुसऱ्याला काढायला लावणं हा अपमान. चप्पल तीच, पण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण तू मोठी होशील तेव्हा कानावर येईल. माणसांना, आणि फार वेळा बायकांना, खाली ठेवायला ती वापरतात. आपल्या घरात ती म्हण कुणी वापरायची नाही.

ती चप्पल बनते कशी ते मी लहानपणी बघितलंय, म्हणून मला हे जास्त लागतं. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. तळाचे थर ठोकून ठोकून बसवतात, त्यात खिळा नसतो, कातड्याच्याच वादीनं शिवण. वेण्या घालायचं बारीक काम बहुतेक बायका करतात. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दोन राज्यांना मिळून: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नवी चप्पल चावते, मग तिला तेल लावून आठवडाभर सोसायचं. त्यानंतर ती तुमच्याच पायाचा आकार घेते, दुसऱ्या कुणाला नीट होत नाही. आजोबांची जुनी कापशी आजीनं अजून कपाटात ठेवली आहे. कपाटात, चिऊ, कपड्यांशेजारी. तिला हात लावल्यावर ती हात धुताना मी कधी बघितली नाही.

आणि वारीतल्या पालख्या तू बघितल्या आहेस. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची निघते, देहूहून तुकाराम महाराजांची. पालखीत असतं काय, तर पादुका. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली ही पालखीची रीत सुरू केली. ज्या वस्तूला आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, तिच्याच रूपासाठी लाखो माणसं पंढरपूरपर्यंत चालतात. संत रोहिदास तर जोडे शिवूनच पोट भरत. तेव्हा हात धू, साबणानं धू, जेवायच्या आधी नक्की धू. चिखलासाठी धू. बूट शिवणाऱ्या माणसाच्या हातात हात देताना मात्र तुझा हात मागं येता कामा नये.

आता थोडं गाठीबद्दल, कारण आजीची डावी नाडी पुलावर सुटली होती. मराठीत दोन शब्द आहेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि ओढून सुटत नाही, उलट आवळत जाते ती निरगाठ. तुझं चोउमुसुबी, म्हणजे फुलपाखराची गाठ, ही सुरगाठच. तुझी सुटते, कारण तू पहिला वेढा आणि दुसरा वेढा एकाच बाजूनं घेतेस. मग फुलपाखराचे पंख बुटावर आडवे न राहता घोट्याकडं-बोटांकडं उभे होतात. तुमच्याकडं याला तातेमुसुबी, म्हणजे उभी गाठ, म्हणतात आणि अशुभ मानतात. गाठ म्हणूनही ती कच्ची. पहिल्या वेढ्यात उजवी नाडी डावीवरून नेलीस तर दुसऱ्यात डावी उजवीवरून ने. पंख आपोआप आडवे बसतील. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली धावणाऱ्या बुटाचं खूप वेगवान चित्रण करून बघितलं. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो आणि ती सैल होते. झुलणारी टोकं तिला बाहेर ओढतात, आणि सैल पडल्यावर दोन-चार पावलांत सगळं सुटतं. त्यांच्या प्रयोगातही उभी गाठ आधी सुटली.

परवा, रविवारी, आजी परत निघेल. बूट तूच बांध. घाई करू नकोस, तिला स्टुलावर बसव, पंख आडवे आलेत ना बघ. सुटेल या भीतीनं निरगाठ मारू नकोस. विमानतळावर तपासणीत बूट काढायला सांगितले तर मी तिच्याबरोबर आत नसेन, तिला वाकता येणार नाही, आणि कुणा अनोळखी माणसाला ती ‘सोडून द्या’ म्हणणार नाही. सुरगाठ असली की काठीच्या टोकानं नाडी ओढली तरी सुटेल. हे मी तिच्याकडून करून घेतलंय, जमतं तिला.

आणि शनिवारी रात्री झोपताना तिचे बूट दाराकडं तोंड करून ठेव. या वेळी तिला चालेल.

तुझी,
आई