सही करण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंगसाठी ६ लाखांचं कर्ज काढायचं तू ठरवलंस, बाबांवर भार नको म्हणून. मी इतकी वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसले, म्हणून आधी हिशोब ऐक. दरवर्षी दीड लाख उचललेस आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिकतानाची ४ वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. सरळव्याजानेही ते २ लाख १० हजार होतं. पहिला हप्ता भरायच्या आधीच तुझ्या डोक्यावर ८ लाख १० हजार!

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीला धरणांवर काम करायचं होतं. हप्ता सुरू झाला आणि मिळेल ती नोकरी धरून ती पुण्याला गेली. ते माझ्या मनाला अजून लागतं.

उच्च शिक्षणाचा खर्च करातून व्हावा, असं माझं ठाम मत आहे. कॉलेजची पायरी न चढलेल्या मजुराने तुझी फी का भरावी, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण शिकून कमावती झालीस की तूही आयुष्यभर कर भरशील, आणि तो कमाईच्या मानाने असेल. हप्ता मात्र नोकरी गेली तरी दारात उभाच. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून मधला मार्ग काढला: उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच शिक्षणाची रक्कम कराबरोबर वसूल होते. आपल्याकडे तशी सोय नाही.

पण २०२४-२५ पासून राज्यात वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घे. कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्यातल्या जागांना हे लागू नाही. होस्टेल आणि मेस यात येत नाही. कर्ज काढायचंच तर तेवढ्यापुरतं काढ.

‘फुकटचं कशाला’ असं म्हणू नकोस. तुझे बाबा शेतीवर आयकर भरत नसतील, पण ठिबकच्या नळीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी त्यांनीच भरलाय.

उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, सोमवारीच अर्ज कर. डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला काढलाय का, तेही कळव.

तुझी,
मावशी