हिशोबाची टॅली, विक्री आणि गोदाम यांची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकच बिल तीनदा टाइप करावं लागतं. ती एकमेकांना जोडावीत की सगळं काढून एकच ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यावं?

जोडा. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा हात बसला आहे, ते मोडू नका. तुम्ही लिहिलंय तसा खरा त्रास एकच बिल तीनदा टाइप करण्याचा आहे, आणि तेवढा जोडणीने नक्की जातो. पिंपरी-भोसरीकडच्या छोट्या कारखान्यांत मी हेच काम करतो.

डेटा इकडून तिकडे नेणं सोपं आहे. टॅली एचटीटीपीवरून (वेबसाइट चालतात त्याच पद्धतीने) एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेला मजकूर, घेते; ज्या दारातून घेते तो पोर्ट बहुतेक ठिकाणी 9000. विक्रीचं सॉफ्टवेअर नवं असेल तर बहुधा जेसन (JSON) देईल, जुनं असेल तर सोप (SOAP); दोन्ही डेटा पाठवायच्या पद्धतीच. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला की काम सुरू.

घाम निघतो तो नावांपायी. टॅली खातं नावावरून ओळखते. विक्रीत 'पाटील & सन्स' आणि टॅलीत 'पाटील अँड सन्स' असेल, तर तिच्या लेखी ती दोन वेगळी गिऱ्हाइकं. शिवाय ते & चिन्ह एक्सएमएलमध्ये तसंच्या तसं चालत नाही. एका कारखान्यात त्या एका चिन्हापायी दिवसभराची बिलं अडली, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, कारण आमचा प्रोग्रॅम फक्त एचटीटीपीचा 200 (विनंती मिळाली, असं सांगणारा आकडा) बघून 'पोचलं' म्हणत होता. चूक उत्तराच्या आत लिहिलेली होती. म्हणून आधी बसून ठरवा: नवं गिऱ्हाईक कुठे उघडायचं, शिल्लक माल कुठला खरा मानायचा, येणी कुठली. एका गोष्टीचा मालक एकच.

दुसरी गोष्ट डबल नोंदीची. बिल टॅलीत पडलं, तेवढ्यात नेट गेलं, पोचपावती आलीच नाही. प्रोग्रॅम तेच बिल पुन्हा पाठवतो आणि महिनाअखेरीला येणी फुगलेली दिसतात. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, यावर फार चांगला तोडगा आहे. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, या चारांवरून 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा ओळख क्रमांक, तयार होतो. तेच बिल पुन्हा गेलं तर आयआरएनही तोच येतो, आणि पोर्टल ते डुप्लिकेट म्हणून परत करतं. तुमच्या मधल्या प्रोग्रॅमलाही अशीच खूण ठेवायला लावा. उलाढाल 5 कोटींवर असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस तुम्हाला लागतंच. त्याचा आराखडा यूबीएल या खुल्या मानकाच्या धर्तीवर आहे. बिलातल्या रकान्यांची नावं त्याच्यावरून घेतलीत तर पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी सगळी जोडणी नव्याने लिहावी लागणार नाही.

सुरुवात फक्त विक्रीची बिलं टॅलीत टाकण्यापासून करा, तीही एकाच दिशेने. गोदाम नंतर. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी टॅलीत एक चाचणी कंपनी उघडून, जोडणाऱ्याला तुमच्यासमोर पन्नास बिलं पाठवायला सांगा. मध्येच नेटची वायर काढा, पाच मिनिटांनी लावा, आणि टॅलीत किती बिलं पडली ती मोजा.