पुस्तकानं डोक्यात भरवलं का?

पत्र, थोडक्यात: ताई, माझी मुलगी 24 वर्षांची, पुण्यात नोकरीला. गणपतीला आली ती केस बारीक कापूनच. परत जायच्या आदल्या रात्री म्हणाली, "आई, मी मुलगा आहे. मला खूप वर्षांपासून माहीत आहे." ती गेल्यावर कपाटात इंग्रजी पुस्तकं सापडली. मुलगी म्हणून जन्मलेले आणि पुरुष म्हणून जगणारे लोक आहेत, त्यांनी लिहिलेली. एकावर एलियट पेज असं नाव आहे. ह्यांचं म्हणणं, या पुस्तकांनीच डोक्यात भरवलं, जाळून टाकू आणि चांगल्या डॉक्टरकडे नेऊन तिला ताळ्यावर आणू. लहानपणी ती भातुकली खेळायची, परकर-पोलकं घालून मिरवायची. मग हे कुठून आलं? दिवाळीनंतर एक स्थळ बघायला येणार आहे. माझं इंग्रजी जेमतेम. मी काय वाचू? – एक आई, कराड

तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. पण त्याच्याआधी पुस्तकं जाळायचं बघू, कारण ते कधीही होऊन बसेल. आणि एक सांगून ठेवते, मी तुमच्या मुलाला 'तो'च म्हणणार आहे. त्यानं स्वतःच तसं सांगितलंय. वाचताना अडखळायला होईल, होऊ दे.

मायकल डिलन नावाचा एक इंग्रज होता. जन्म 1915 चा, मुलगी म्हणून वाढवलेला. त्याच्या तरुणपणी ना इंटरनेट, ना कपाटात लपवायला असलं एखादं आत्मचरित्र. तरी 1939 च्या सुमाराला तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेऊ लागला. युद्धाच्या काळात ब्रिस्टलच्या एका गॅरेजात राबत होता. आपल्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडेना, तर 1946 मध्ये त्यानं स्वतःच पुस्तक लिहिलं, 'सेल्फ'. 'हा मीच' असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, पण मांडलंय ते असं की मनाला शरीराजोगं करता येत नसेल, तर शरीराला मनाजोगं करावं. पुढे त्याच्यावर बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या. तो डॉक्टर झाला, जहाजावर नोकरी धरली. 1958 मध्ये वर्तमानपत्रांनी त्याची जुनी ओळख चव्हाट्यावर आणली, तेव्हा सगळं सोडून तो भारतात आला. कालिम्पाँग, सारनाथ, मग लडाखमधला रिझोंगचा मठ. बौद्ध झाला, लोबझांग जिवक असं नाव घेतलं. आपली कहाणी लिहून लंडनला एजंटकडे पाठवली आणि मे 1962 मध्ये डलहौसीत वारला. वय अवघं 47.

त्याच्या भावाला ते हस्तलिखित जाळायचं होतं. एजंटनं जाळू दिलं नाही. पन्नासेक वर्षं ते तसंच पडून राहिलं आणि 2016 मध्ये 'आउट ऑफ द ऑर्डिनरी' या नावानं छापून आलं. तुमच्या मिस्टरांना सांगा, ही युक्ती त्यांच्याआधी डिलनच्या भावाला, म्हणजे एका खानदानी किताबवाल्या बॅरोनेटला, सुचली होती आणि तिचा काही उपयोग झाला नाही. पुस्तकं नव्हती तेव्हाही ही माणसं होती. तुमच्या मुलानं ती पुस्तकं घेतली, कारण आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, हे त्याला बघायचं होतं.

आता भातुकली. ही शंका बहुतेक आया काढतात आणि तिचं उत्तर या पुस्तकांच्या इतिहासातच आहे. पूर्वी पाश्चात्त्य देशांत लिंगबदलाचे उपचार करणाऱ्या क्लिनिकांचा एक ठरीव साचा असे. लहानपणापासून मुलांचेच खेळ, फ्रॉकचा तिटकारा आणि पुढे आकर्षण फक्त बायकांचं. या साच्यात बसलं नाही की उपचार नाहीत. साहजिकच माणसं डॉक्टरांना हवं तेच सांगत आणि कहाण्या एकीसारखी दुसरी होत. अमेरिकेतला लू सलिव्हन ट्रान्स पुरुष होता, म्हणजे मुलगी म्हणून वाढवलेला पुरुष. त्याला पुरुष आवडत. तसं त्यानं सरळ सांगितलं, म्हणून त्याला नकार मिळत गेला. तो हटला नाही. आपल्यासारख्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिली, 1986 मध्ये ट्रान्स पुरुषांचा गट उभा केला, 1991 मध्ये एड्सनं गेला. त्याच्या डायऱ्या 2019 मध्ये पुस्तकरूपानं आल्या. त्यात रडगाणं कमी आणि जगण्याची हौस भरपूर, थोडा चावटपणाही (तो भाग तुम्ही खुशाल गाळा). तेव्हा तुमच्या लेकरानं बाहुलीचं लग्न लावलं होतं की क्रिकेट खेळलं होतं, यावरून काहीच ठरत नाही. परकर-पोलक्यात मिरवणारं मूल खूश होतं, एवढंच त्या आठवणीत आहे. ती आठवण तुमचीच आहे, टाकून द्यायची गरज नाही.

तुम्ही काय वाचावं? ट्रान्स स्त्रियांची आत्मकथनं मराठीत आहेत, पण ट्रान्स पुरुषानं लिहिलेलं, तुमच्या हातात ठेवावं असं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. म्हणून सुरुवात ए. रेवतींच्या 'अ लाइफ इन ट्रान्स अॅक्टिव्हिझम'पासून करा. रेवती मूळच्या तमिळनाडूच्या, स्वतः ट्रान्स स्त्री. 2016 च्या या इंग्रजी पुस्तकात त्यांनी काही ट्रान्स पुरुषांनाही बोलतं केलंय. घरं आपल्यासारखीच: लग्नाचा तगादा, चार लोक काय म्हणतील, नोकरीत नावाचा घोळ. कपाटातलं ते एलियट पेज या नटाचं 'पेजबॉय' मात्र आत्ता नको. काळाच्या पुढे-मागे उड्या मारत लिहिलंय, इंग्रजी जेमतेम असेल तर दमछाक होईल. थॉमस पेज मॅकबी यांचं 'अमॅच्युअर' तुमच्या मिस्टरांसाठी. हा गृहस्थ पुरुष झाल्यावर बॉक्सिंग शिकून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. पुरुष एकमेकांशी मारामारी का करतात, कामाच्या ठिकाणी बाईचं बोलणं कसं तोडतात, हे तो दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या माणसाच्या नजरेनं लिहितो. जन्मापासून पुरुष असलेल्यांनीही वाचावं असं आहे.

इंग्रजीची अडचण सुटण्यासारखी आहे. रविवारी त्याला फोन लावा आणि म्हणा, "तुझ्या पुस्तकातलं एक पान मला मराठीत सांग." पान त्यालाच निवडू द्या. त्याला तुमच्यापाशी काय बोलायचंय, ते त्या पानावर असेल.

ललित साळवे यांच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई, 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. नातेवाईक आता त्यांचं उदाहरण देतील आणि "आधी गुणसूत्रं तपासा" म्हणतील. त्यांच्या तपासणीत पुरुषाची गुणसूत्रं आढळली होती. बहुतेक ट्रान्स पुरुषांच्या तपासणीत असं काही निघत नाही आणि न निघाल्यानं त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. त्या रिपोर्टवर पैज लावू नका.

'ताळ्यावर आणणाऱ्या' डॉक्टरचं म्हणाल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. समुपदेशक जरूर शोधा, पण तुम्हा दोघांसाठी. मुलाला हवा असेल तर तो मागेल. खचून जाऊन जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा त्यानं कधी केली, तर मात्र त्याच दिवशी पुण्याची गाडी धरा.

स्थळवाल्यांना आजच नाही कळवा. कारण विचारलं तर "इतक्यात विचार नाही" एवढं पुरे. मुलाचं गुपित सांगायचा हक्क त्याचा आहे, तुमच्या जावेचाही नाही.

रेवतींचं पुस्तक ऑनलाइन मिळतं. फक्त पार्सल मिस्टरांच्या नावावर मागवू नका, निदान दिवाळीपर्यंत.