"तुमची किती एकर?"

नवीन ॲडमिशन होऊन दोन-तीन महिने झाले की एक फोन मला हमखास येतो. आवाज वेगळा, गाव वेगळं, बोलणं तेच. मॅडम पोरीला ॲग्रीला घातलंय, मार्क चांगले होते म्हणून नंबर लागला, पण आम्हाला स्वतःचं रान नाही आणि तिथं सगळी जमीनवाल्यांची पोरं, तिचं मन लागत नाही म्हणतीय, काढून घेऊ का? कधी आई विचारते, कधी मामा, कधी पोरगं स्वतःच रात्री अकराला मेसेज टाकतं. हो किंवा नाही असं एका शब्दात मला आजवर सांगता आलेलं नाही, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आणि आधीच सांगून टाकते, यात पहिली चूक माझी आहे.

मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. ती आली तेव्हा पाचव्या सेमिस्टरला होती. रेक्टर मॅडमनी पाठवलेली, सोबत चिठ्ठी, 'घरी जायचं म्हणते, लक्ष नाही'. आईवडील मजूर, दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला, ही आजीजवळ राहून शिकलेली. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाली, "मला काय येतंय मॅडम इथलं." झालं, मी लगेच न्यूनगंडाच्या खात्यात टाकलं. तुझ्यातल्या पाच चांगल्या गोष्टी लिहून आण, रोज आरशासमोर हे हे म्हण, असलं सगळं सांगितलं. तिनं तो कागद चार घड्या करून ओढणीच्या टोकात बांधला आणि गेली. तीन आठवडे फिरकली नाही.

मग रेक्टर मॅडमचाच फोन, पोरगी मेसला येणं बंद झालीय, रूमवरच काहीतरी खाऊन राहते.

यावेळी मी वही बंद ठेवली. आधी झोप विचारली, जेवण विचारलं, आणि सरळ विचारलं की जीव नकोसा वाटतो का. हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, त्यामुळे पालकांनीही घाबरू नये. ती म्हणाली, "घरी जावं वाटतं, मरावं नाही वाटत." बरं वाटलं ऐकून. (ज्यांना तसं वाटतं त्यांनी थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

मग म्हटलं, पहिल्या दिवसापासून सांग. आणि तेव्हा कुठे खरी गोष्ट निघाली.

हॉस्टेलला पहिल्या रात्री ओळखी चालू होत्या. नाव काय, गाव कोणतं आणि तिसरा प्रश्न, किती एकर? शेतीच्या कॉलेजात हा प्रश्न कुणी वाईट मनानं विचारत नाही हो, 'जेवलीस का' म्हणावं तितक्या सहज विचारतात. कुणी म्हणालं बारा, कुणी सात, कुणी म्हणालं बावीस पण भावकीत वाद चालूय. हिची पाळी आली तेव्हा तोंडातून निघालं, "दोन."

दोन एकर. नसलेली. आणि मग ती दोन एकर तिला दोन वर्षं कसावी लागली. यंदा काय टाकलं, सोयाबीन. उतारा किती पडला, म्हणजे पीक किती निघालं? आईला फोन करून ती कामाला जायची त्या मालकाचा उतारा विचारून घ्यायचा आणि थोडा कमी करून सांगायचा, कारण दोन एकरवाल्याला जास्त शोभत नाही. विहिरीला पाणी किती, बोअर घेतला का, विमा भरला का... सुट्टीवरून आलं की प्रश्न तयारच. मला म्हणाली, "मॅडम, खरी शेती असती तर एवढी काळजी नसती लागली." आम्ही दोघी हसलो त्यावर. मग ती रडली.

शेजारच्या गावच्या एका मुलानं मेसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, अगं तुझी आई तर आमच्याकडं खुरपायला येती की. टोमणा मारायचा म्हणून नाही, ओळख निघाली म्हणून कौतुकानं! तेव्हापासून मेस बंद.

बोलता बोलता तिनं मला विचारलं, "तुमची किती मॅडम?" माझ्या माहेरी अकरा एकर आहे. मी सांगितलं, पण सांगायच्या आधी क्षणभर अडखळले, आणि ते तिनं बघितलं. वीस वर्षं हे काम करतेय, पण समोरचीची आणि माझी खुर्ची एकाच उंचीवर नाही हे इतकं स्पष्ट मला क्वचितच जाणवलंय. तिचे आजोबा १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर, जेलमध्ये जाऊन आलेले. जमीन काही मिळाली नाही. दादासाहेबांच्या नावानं सरकारची योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, पण सरकारी भावात विकायला जमीन कोण काढतंय? हे सगळं तिला तोंडपाठ. आणि मी तिला आरशासमोर उभं करत होते.

आता प्लॉटचं. तिसऱ्या वर्षाला पोरांना ग्रुपनं प्लॉट देतात, पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं त्यांनीच करायचं, रेकॉर्ड लिहायचं, मधेच एक व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. तिचा आठ जणांचा ग्रुप, पीक सोयाबीन. पहिल्याच दिवशी वाटणी झाली, तू खुरपायचं बघ, तुला सवय आहे. दोघं रेकॉर्ड लिहिणार, एक जण फोटो आणि प्रेझेंटेशन, बाकीचे 'मॅनेजमेंट', म्हणजे काय ते देवालाच ठाऊक. तोवर तिनं दोन खुरपण्या केल्या आणि रेकॉर्डची फाईल तिनं व्हायवाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडून पाहिलेली नव्हती. व्हायवात विचारलं, बियाण्याचं हेक्टरी प्रमाण किती? ही म्हणाली, एकराला एक बॅग. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मार्क गेले. आता बघा, बॅग तीस किलोची धरली, हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, तीस गुणिले अडीच करा. पंच्याहत्तर किलो. पुस्तकातलंच उत्तर होतं ते, फक्त मजुराच्या मापात!

तिला म्हटलं, प्लॉट बघणाऱ्या सरांशी मी बोलू का? लगेच नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाली, "बोला, पण माझं नाव घेऊ नका." हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ पालक पोराला न विचारता थेट प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये शिरतात आणि पोराचं राहणं आणखी अवघड करून ठेवतात.

सकाळी साडेसातला मी प्लॉटवर गेले, सगळे ग्रुप बघायला म्हणून. ती खाली बसून केना हे तण उपटत होती आणि पदराची झोळी करावी तशी ओढणीत गोळा करून दर थोड्या वेळानं उठून लांब बांधापलीकडे, सडकेवर टाकून येत होती. शेजारच्या प्लॉटमध्ये पोरांनी उपटलेलं तण ओळीतच टाकलेलं. मी म्हटलं इतक्या खेपा कशाला? म्हणाली, "केना वल्ल्या मातीत टाकला की कांड्याला मुळं फुटतात मॅडम, परत उभा राहतो." शेजारच्या ओळीत दाखवलं तिनं, चार दिवसांपूर्वी उपटून टाकलेला केना आडवा पडल्या पडल्या हिरवा होता, पेराला पांढऱ्या मुळ्या. हे त्यांच्या रेकॉर्डमध्ये कुठेच नव्हतं. तिथं लिहिलेलं, 'वेळोवेळी तणनियंत्रण केले'.

सरांशी बोलले. सर भला माणूस, स्वतः कोरडवाहू घरातला. पहिलं वाक्य तेच, मॅडम आमच्याकडं जातपात कुणी बघत नाही, सगळ्यांना सारखंच. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं की सारखं तुम्ही दिलंत सर, आठ जणांना एक प्लॉट, आतली वाटणी पोरांनी केली, ती एकदा बघा. संध्याकाळी त्यांनी सगळ्या ग्रुपचं कोण काय करतं ते लिहून काढलं आणि रात्री फोन केला. खुरपं धरणारी बहुतेक पोरं मजुरांच्या घरची, त्यातही मुली जास्त, आणि फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, मोबाईल, फाईल हे सगळं दुसऱ्यांकडे. "रोज डोळ्यासमोर होतं की हो," म्हणाले आणि गप्प झाले. विविधता, समान संधी, सर्वसमावेशकता असलं पोस्टर कॉलेजच्या पोर्चमध्ये लागलेलं आहेच, रंगीत हातांचं चित्र असलेलं, पण खरी गोष्ट त्या वाटणीच्या कागदावर होती.

पुढच्या सेमिस्टरला, म्हणजे रब्बी हरभऱ्याला, सरांनी तीन गोष्टी बदलल्या. कामाचा तक्ता दर आठवड्याला फिरता, म्हणजे रेकॉर्ड, पंप, खुरपं सगळं सगळ्यांच्या वाट्याला. व्हायवात दुसऱ्याच्या कामावर प्रश्न. आणि माप कुठलंही सांगा, हेक्टरी करून दाखवलं की मार्क पूर्ण. एका पालकाचा फोन आला म्हणे, आमच्या पोराला खुरपायला पाठवलं का इथं? सरांनी काय उत्तर दिलं माहीत नाही, तक्ता मात्र तसाच राहिला.

यात एक वेगळंच घडलं. तिच्या ग्रुपमधला वही घेऊन बसणारा मुलगा, चांगला वीसेक एकरवाला, माझ्याकडे आला आणि खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला की मला खुरपं धरताच येत नाही, घरी सगळी माणसं लावून काम, मला रानात जाऊच दिलं नाही, पोरं हसतील म्हणून वही घ्यायचो. आता फिरत्या तक्त्यात खुरपं हातात येणारच होतं, आणि न हसता चूक सुधारेल अशी ही एकटीच, म्हणून तो तिच्याकडूनच शिकला. ती त्याची मैत्रीण वगैरे झाली नाही, तसलं काही नाही. मेसमध्ये मात्र परत यायला लागली, कोपऱ्यातलं टेबल, दोन मुली सोबत. मला तेवढं पुरे होतं.

सगळं गोड झालं असं नाही हां. सातव्या सेमिस्टरला पोरं गावात राहून काम करतात, कृषीदूत-कृषीकन्या म्हणून. खोली शोधायला गेल्यावर घरमालकिणीनं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाली पाव्हणे येणारेत. दुसऱ्या घरी पण पाव्हणे. तिसऱ्या वेळी बाकीच्या दोघींनी सुचवलं की तू आडनाव सांगूच नकोस. परत दोन एकर! यावेळी तिनं फोन केला मला, रडत नव्हती, चिडलेली होती. कॉलेजनं आठवडा लावला, शेवटी शाळेच्या आवारातल्या खोल्या घेऊन सगळ्या मुलींची सोय एकत्र केली. आठवडा फार होता, मी तसं लिहूनही दिलं. यापुढे खोल्या कॉलेजच बघणार असं ठरलंय, बघू.

तर, काढून घेऊ का? मी फोनवर आता उलटे प्रश्न विचारते. पोरगं जेवतंय का, झोपतंय का? एक तरी माणूस आहे का ज्याच्याशी खरं बोलतंय? प्रॅक्टिकलला त्याच्या हातात काय असतं, नेहमी तेच का? अभ्यास जड जाणं वेगळं आणि वाटणीतच मागं पडणं वेगळं, पहिल्याला शिकवणी लागते, दुसऱ्याला तक्ता. आणि मुद्दाम बाजूला टाकणं, टोमणे, आडनावावरून छळ चालू असेल तर ती 'पोरांची चेष्टा' नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली, त्यात जात, लिंग, भाषा, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यावरून त्रास देणं, वगळणं हे पण येतं. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, तक्रार नाव न सांगता करता येते. जातीवरून अपमान असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहेच. पण पोराला विचारून, त्याच्या वेगानं. आणि एवढं करूनही जेवण-झोप उडालेलीच राहिली तर घरी आणा खुशाल, त्यात नाक कापलं जात नाही.

तिचा परवा फोन आलेला. गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, पांढरा ॲप्रन, टोपी, बॅनर, सगळं. पेरणीआधी बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवून झालं आणि मागं बसलेल्या एका बाईनं विचारलं, ताई तुमची किती एकर? ही म्हणाली, नाही आम्हाला, मी पण खुरपायला जायची. बाई उठून पुढे येऊन बसली आणि म्हणाली, मग तुमच्याकडं मजुरीचा रोज काय चाललाय? पुढचा अर्धा तास बीजप्रक्रिया राहिली बाजूला, रोजावरच बोलणं झालं. "रिपोर्टमध्ये काय लिहू मॅडम?" विचारत होती.